तुझं निवृत्तीचं वय

आये, तू चुलीपुढे उकिडवी बसली आहेस आणि हाताला एरंडेल चोळते आहेस. आधी तळव्यांना, मग बोटांच्या बेचक्यांत, मग नखांच्या कडेकडेने, आणि त्यावर चाळलेली राख. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं म्हणून कारखान्यातल्या सगळ्या बायका असंच करतात. तरी तुझी बोटं पुढून काळी ती काळीच. बाहेर नुकतं उजाडलंय. मी बावीवरून दोन कळश्या आणून ठेवल्यात, पेज रटरटतेय, अंगण अर्धं झाडून झालंय आणि पोर उठून रडायला लागली म्हणून केरसुणी तशीच टाकून मी आत आलेय. तू भाकरी फडक्यात बांधतेस, तिच्यावर आंब्याच्या लोणच्याची फोड ठेवतेस. आठचा भोंगा व्हायच्या आत वरचा कातळाचा सडा चढून तुला मिरजोळ्याच्या कारखान्यात पोचायचं आहे. उंबऱ्यावर चपला घालताना तू जरा थांबतेस, दाराच्या चौकटीला हात लावतेस आणि म्हणतेस, "सडा चढताना दम लागतो माला. आता पुरे करू काय गो बाय?"

मी पोरीची वेणी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "माझी ऑर्डर येऊदे, आये. मग बस घरी."

"बरं," म्हणालीस आणि गेलीस. सकाळ रोजच्यासारखी पुढे सरकली. मी राहिलेलं अंगण झाडलं.

एकतीस वर्षं झाली. ही सकाळ मी कुणाला सांगितलेली नाही, कारण सांगण्यासारखं तिच्यात काही घडलंच नव्हतं. एका बाईने विचारलं, दुसरीने उत्तर दिलं. आज रविवार आहे, दुपारची जेवणं उरकलीत, आणि तुझी नात आत्ताच हातखंब्याला परत गेली. तिचा नवरा तिथे नाक्यावर टायरचं दुकान चालवतो आणि ती आरोग्य खात्यात नर्स आहे, पण कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी तिला नवा कागद मिळतो. आज तिने जाता जाता मला एक प्रश्न विचारला. मी नीट उत्तर दिलं नाही. म्हणून हे तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. माझी पत्रं तू शेजारच्या गुरुजींकडून वाचून घ्यायचीस आणि मग कागदाची घडी घालून डब्यात तांदळाखाली ठेवायचीस. हे कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

तुला आधी आमच्या ऑफिसातलं सांगते, म्हणजे कळेल. सरकारी कारकुनाला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली की घरी पाठवतात. आता युनियनची मागणी आहे की ते साठ करा. गेले कित्येक महिने चहाच्या वेळी दुसरा विषय नाही. आमच्या युनियनच्या माणसाला सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी एक निवेदन तयार केलंय, सरकारकडे पाठवायचं, आणि त्याला जोडायला सह्यांचे कागद. ते कागद घेऊन टेबलाटेबलावर फिरतात. शुक्रवारी माझ्या टेबलापाशी आले. मी आवक-जावकला असते, म्हणजे ऑफिसात येणारं आणि जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या हातून जातं.

"ताई, करा सही. तुम्ही पहिल्या लाभार्थी. मेअखेरच्या आत जीआर आला तर तुमची खुर्ची दोन वर्षं पक्की."

"ही खुर्ची पक्की करायची तर आधी सुतार आणा, भाऊ. एक पाय हलतो."

"तो साहेबांकडे मागणीपत्र देऊन हलायचा थांबेल. माणसाचं वय मात्र थांबत नाही. करा."

"सोमवारी देते," म्हणाले. ते हसले. "सोमवारी शेवटचा दिवस हं. मंगळवारी गठ्ठा मुंबईला." आणि कागद घेऊन पुढे गेले.

माझी निवृत्ती एकतीस मेला आहे, आये. एकट्या माझी नाही. त्या दिवशी जिल्ह्यातली निम्मी ऑफिसं निरोप समारंभात असतात, हार कमी पडतात, फोटोवाला एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये धावतो. कारण आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. तसा कुणाचाच नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही तशीच लिहिली. पण माझ्या तारखेत आणखी एक गोष्ट आहे, ती फक्त तुला आणि मला माहीत आहे.

तू मला शाळेत नेलंस तो दिवस मला चांगला आठवतो. मी आठ वर्षांची होते. दोन वर्षं आधीच जायला हवं होतं, पण धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. बाबा मुंबईला गिरणीत, तू काजू फोडायला, म्हणून तो माझ्या कमरेवर. तो चालायला लागला, शेजारच्या काकीकडे राहायला लागला, तेव्हा तू माझा परकर धुऊन, तेल लावून, हाताला धरून मला मास्तरांपुढे उभी केलीस. मास्तर म्हणाले, "जन्म कधीचा?" तू म्हणालीस, "भात झोडत होतो तवाचा." मास्तर हसले. "अगो बाय, भात दर वर्षी झोडतात. वय किती लावू?" तू माझ्याकडे बघितलंस. एवढी मोठी पोर इतके दिवस घरी का ठेवलीस म्हणून मास्तर ओरडतील, कदाचित घेणारच नाहीत, असं तुला वाटलं असणार. तू म्हणालीस, "सा." मास्तरांनी चष्म्यावरून माझी उंची पाहिली आणि सहा लिहिलं.

त्या सहाचा मला पुढे फार राग आला. वर्गात मी सगळ्यांत उंच, पोरं मला घोडी म्हणायची. नववीत असताना एकदा भांडून मी तुला म्हणाले होते, "माझी दोन वर्षं खाल्लीस तू." तू काजूच्या पाकळ्या निवडत बसली होतीस. कारखान्यातून घरीही काम आणायचीस तेव्हा. तू मान न वळवता म्हणालीस, "बाईचं वय कमी सांगितलं म्हणून कुणी रडली नाय अजून." मी चिडून पाय आपटत बाहेर गेले. आता हसू येतं. तेव्हा आलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे बघ, कागदावर मी अठ्ठावन्नला टेकलेय आणि खरी साठ पूर्ण केलीत. भाऊ ज्या दोन वर्षांसाठी सह्या गोळा करतायत, ती तू मला मास्तरांच्या टेबलापाशीच काढून दिली होतीस. मी ती भोगून बसलेय. वर आणखी दोन मागते आहे. कारण मागायचं मनात आहे, तुझ्यापासून काय लपवू. आता घरात मी एकटी. सकाळी साडेनऊला कुलूप लावून निघते, जिना चढून टेबलापाशी जाते, टपालाचा गठ्ठा सोडते, आणि माझं नाव कुणीतरी घेतं. "ताई, ते पत्र आलं का हो?" एवढंच. पण घरात दिवसभर हेही कुणी विचारणार नाही. मला त्या एक जूनच्या सकाळची भीती वाटते. मांडवीला संध्याकाळी जाते तेव्हा धक्क्यावर निवृत्त माणसांची रांग बसलेली दिसते. पुरुष आहेत सगळे. बायका कुठे बसतात ते मला अजून कळलेलं नाही.

मी वाचते हे तुला माहीत नाही. तू गेल्यावर लागलेला नाद आहे. आधी ऑफिसातले पेपर, मग वाचनालयातली पुस्तकं, जे मिळेल ते. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे काय आधी वाचावं आणि काय नंतर याला धरबंध नाही. या निवृत्तीच्या वयाबद्दल मी पुष्कळ वाचलं. परदेशांत म्हाताऱ्यांची संख्या वाढली, तरुण कमी झाले, म्हणून तिकडची सरकारं वय वाढवतात. कुठे लोक रस्त्यावर उतरले, कुठे सत्तरीतली माणसं दुकानात उभी राहून सामान मोजून देतात आणि त्याचं कौतुक छापून येतं. आपल्याकडेही काही जण लिहितात की माणूस आता जास्त जगतो तर त्याने जास्त काम करायला काय हरकत आहे. दुसरे लिहितात की म्हातारे उठले नाहीत तर तरुण बसणार कुठे. दोन्हीकडचं वाचताना मला पटतं आणि मिटल्यावर पटत नाही. जास्त जगतो म्हणजे कोण? ते सरासरी काढतात. काही लोक नव्वदीपर्यंत जगतात आणि त्यांची वर्षं, जे लवकर गेले त्यांच्यात वाटून, सगळ्यांचं एक वय लिहितात. तू त्या सरासरीत असशील, आये. तुझ्या वाटणीला कुणाची तरी वर्षं कागदावर आली असतील. हातात काही आलं नाही.

आणि एक गोष्ट त्या कुठल्याच लेखात मला सापडली नाही. ते सगळे भांडतात ते वय अठ्ठावन्न असावं की साठ की पासष्ट. ज्यांना वयच नाही त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. तुमच्या कारखान्यात शंभरावर बायका होत्या. त्यांतल्या एकीला कुणी कधी हार घातला? बाई एक दिवस यायची बंद व्हायची. दुसऱ्या दिवशी तिच्या पाटावर दुसरी बसायची.

आज सकाळी तुझी नात आली ती दारातूनच बोलत आली. भाऊंच्या निवेदनाचं तिला कुठून कळलं देव जाणे, रत्नागिरीत बातमी रिक्षाच्या आधी पोचते.

"आई, तू सही केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आधी चहा दे, मग बोलणार नाही."

"माझ्या खुर्चीवर तू बसणार आहेस का गो? तू नर्स, मी कारकून."

"सगळ्या खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या असतात. वरच्या उठल्याशिवाय खालच्या सरकत नाहीत. तुमची साठ होणार, मग आमच्या खात्यातल्यांची साठ होणार, आणि मी तोवर म्हातारी होणार. माझं फॉर्म भरायचं वय तीन वर्षांनी संपतं, माहीत आहे ना?"

माहीत आहे. माझं काम करायचं वय संपत आलंय आणि तिचं काम मागायचं वय संपत आलंय. एका घरात दोन वयं संपतात आणि दोघी एकाच टेबलावर चहा पितो. मी म्हणाले, "मी उठले म्हणून जागा भरतीलच असं नाही. रिकामी ठेवतील आणि कंत्राटावर कुणालातरी बसवतील. तुलाच बसवतील." ती हसली, पण डोळ्यांनी नाही. म्हणाली, "बसवूदेत. पण तुमच्यामुळे आम्ही कायम झालो नाही, असं तरी म्हणायला लागायला नको."

मग तिने भांडी घासली, मला घासू दिली नाहीत. बादलीत हात घालून, पाठमोरी, अगदी सहज तिने विचारलं, "आई, आजी कधी रिटायर झाली गं? तू कधी सांगितलंच नाहीस." तिला तुझं फारसं काही आठवत नाही. भाजक्या काजूचा वास आठवतो म्हणते, आणि काळी बोटं. तू तिच्या गालाला हात लावायची नाहीस, मनगटाने कुरवाळायचीस, हे मात्र तिला आठवतं. चार वर्षांची होती ती.

मी म्हणाले, "तिला रिटायर वगैरे काही नव्हतं गं." आणि भाजीची पिशवी आवरायला लागले. 

आये, ते खोटं आहे. तुला निवृत्तीचं वय होतं. ते मी ठरवत होते.

हे गेले तेव्हा मी पोरीला घेऊन तुझ्याकडे आले. हे खात्यात जीपवर ड्रायव्हर, म्हणून त्यांच्या जागी मला अनुकंपेची नोकरी मिळणार होती, पण यादीत नाव वर यायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं आम्ही तुझ्या हातांवर जगलो. उंबऱ्यावरची ती सकाळ त्या दिवसांतली. तेव्हा मी "ऑर्डर येऊदे" म्हणाले याबद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही. दुसरा रस्ता नव्हता. धाकटा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला होता, बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तू बसली असतीस तर चूल बसली असती. ते तुलाही माहीत होतं, म्हणूनच तू "बरं" म्हणालीस.

मग ऑर्डर आली. श्रावणात. शिपायाची होती. तू तो कागद हातात घेतला नाहीस, बोटांचा डाग पडेल म्हणून. मला म्हणालीस, "तूच धर, मी बघते." आणि पदराने तोंड पुसत होतीस, रडतेस की हसतेस ते कळलं नाही. त्या रात्री जेवताना तू परत म्हणालीस, या वेळी विचारत नव्हतीस, नुसतं सांगत होतीस. "आता शनवारी मुकादमाला सांगते, उद्यापासून नाय येत म्हून." तू किती दिवसांनी पोट भरून जेवलीस ते मी बघत होते. आणि मी म्हणाले, "आये, जरा थांब ना. माझी टायपिंगची परीक्षा होऊदे."

कोणी मला विचारलं नव्हतं. गरजही नव्हती. माझा पगार सुरू होणार होता, दोन बायका आणि एक पोर त्यात जगली असती. पण ऑर्डरीसाठी ऑफिसात खेटे घालतानाच मला कळलं होतं की शिपायाने टायपिंग पास केलं तर पुढे कारकून होता येतं. मला पाण्याचा ट्रे घेऊन साहेबांच्या दारात उभं राहायचं नव्हतं. टायपिंगचा क्लास, पोरीची बालवाडी, मला ऑफिसला नेसायला दोन बऱ्या साड्या, हे सगळं मी मनात मांडलं होतं आणि त्या सगळ्याखाली तुझे हात धरले होते. तुझ्या कामाची मला सवय झाली होती, आये. आईचं काम म्हणजे बावीतलं पाणी, असं वाटत होतं. काढलं की परत भरतं.

तू हातातला घास खाली ठेवलास. खाल्लास नंतर, पण एकदा खाली ठेवलास. म्हणालीस, "कवा हाय ती परीक्षा?"

"दिवाळीनंतर."

"मंग दिवाळीपर्यंत जाते." आणि वर मला हसवायला म्हणालीस, "तू सायेब झालीस म्हंजे माला खुर्चीवर बसवशील काय?" मी हो म्हणाले. मी खरंच हसले.

भाद्रपदात तुझा खोकला वाढला. तू रात्री भिंतीकडे तोंड करून खोकायचीस, पोर उठू नये म्हणून. मी संध्याकाळी ऑफिसातून सुटले की क्लासला जायची, घरी येईपर्यंत तू भात रांधून ठेवलेला असायचा. गणपतीला तू डोंगरावरून गौरीसाठी शेरवडाची फुलं आणायला गेली नाहीस, बसून राहिलीस, तेव्हा मी म्हणाले, "बरं नाही तर दोन दिवस जाऊ नको." दोन दिवस. सोड नाही म्हणाले. तू गेलीसच. नवरात्रात एकदा मुकादमाने तुला काजू-फोडणीवरून उठवून गर सोलायला, सोलणीला बसवलं, हलकं काम म्हणून. तू ते मला कौतुकाने सांगितलंस. "माला बढती मिळाली गो," म्हणालीस.

परीक्षा मंगळवारी होती. आधीच्या गुरुवारी तू दुपारीच घरी आलीस, दुपारी तू कधी येत नसस. दोन बायका तुला धरून घेऊन आल्या. तू ओसरीवर आडवी झालीस आणि म्हणालीस, "जरा पडते." डॉक्टर येऊन गेले. शुक्रवार, शनिवार, रविवार तू धापत होतीस. सोमवारी सकाळी शेजारच्या काकी तुझ्या तोंडात पाणी घालत होत्या, मी पोरीला दूध पाजत होते, आणि काकींनी माझ्याकडे बघून भांडं खाली ठेवलं. एवढंच.

दुपारपर्यंत सगळं उरकलं. मृत्यूची नोंद करायला ग्रामसेवकाने तुझं वय विचारलं. रेशन कार्डावर एक होतं, मतदार यादीत दुसरं. मी पंचावन्न सांगितलं. त्याने पुढे "अंदाजे" असं लिहिलं. आता मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, आये. पाच वर्षांनी मोठी, अंदाजे.

आणि आता ते सांगते जे तुझ्या नातीला, काकींना, कुणालाच सांगितलं नाही. मंगळवारी घरात सुतक, अंगणात बायका बसलेल्या, धाकटा अजून मुंबईहून वाटेतच होता. मी काकींना म्हणाले, दाखल्याचा एक कागद राहिलाय, ग्रामपंचायतीत जाऊन येते. पोर त्यांच्याकडे दिली. सडा चढून रस्त्याला लागले, गाडी धरली, आणि परीक्षेला जाऊन बसले. मराठी, मिनिटाला तीस शब्द. मशीन जुनं होतं, एक अक्षर अडकायचं, मी ते बोटाने मोकळं करत गेले. बोटं थरथरली नाहीत. सगळे म्हणतात अशा वेळी हात कापतात. माझे कापले नाहीत, आये, माझा हात इतका सरळ चालला की परीक्षा घेणाऱ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. एकही चूक झाली नाही. निकाल लागला तेव्हा क्लासमध्ये माझं नाव फळ्यावर लिहिलं होतं. परत येताना मी ग्रामपंचायतीत खरंच गेले, उगाच, म्हणजे खोटं पूर्ण खोटं राहू नये.

त्या परीक्षेमुळे मी कारकून झाले. शिपाई राहिले असते तर साठपर्यंत ठेवलं असतं, चौथ्या वर्गाला साठ आहे. हे मला पुष्कळ वर्षांनी एका परिपत्रकात वाचायला मिळालं, माझ्याच हातून नोंद झालेल्या. मी ते पत्र नोंदवलं, क्रमांक घातला, पुढे पाठवलं.

तुला माफी मागायला हे लिहीत नाही. तू लगेच "असूदे" म्हणशील आणि मग माझ्याकडे बोलायला काहीच उरणार नाही. मला एवढंच तुझ्यापुढे मांडायचं आहे की वय वाढवणं म्हणजे काय ते मला लेखांत वाचावं लागत नाही. ते वाढवताना मी जेवत होते, आणि समोरच्या बाईने घास खाली ठेवला होता. सरकारच्या टेबलाला ती बाई दिसत नसेल. मला दिसत होती. भाऊंच्या कागदावर सही करणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही, त्यांच्यातल्या कितीजणांची पोरं शिकतायत, कितीजणांना काम आवडतं. मलाही आवडतं. पण कुणी आपण होऊन दोन वर्षं मागतो आणि कुणाकडून ती काढून घेतली जातात, आणि दोन्हींना एकच शब्द वापरतात, तिथे माझा हात अडतो. माझ्या नावाची दोन वर्षं तू मला देऊन गेलीस. तुझे अडीच-तीन महिने मी घेतले. तेवढेच उरले होते तुझ्याजवळ, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी काय म्हणाले असते, याची खात्री मला अजून नाही. ती असती तर हे पत्र इतकी वर्षं राहिलं नसतं.

इथवर रविवारी लिहिलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, आणि तांदळाच्या डब्यात तो ठेवायला तू नाहीस. म्हणून राहिलेलं इथेच लिहून टाकते.

सोमवारी अकराला भाऊ आले. कागद माझ्यापुढे ठेवला, पेनसुद्धा उघडून दिलं. मी म्हणाले, "माझी नको, भाऊ." ते गोंधळले. "का हो ताई? तुमच्यासाठीच तर चाललंय." आजूबाजूची दोन-तीन टेबलं ऐकत होती. मला तुझं सांगायचं होतं. मी ते रात्रीपासून मनात जुळवून आले होते, पहिलं वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "गुडघे दुखतात हो आता. जिना चढवत नाही." भाऊ म्हणाले, "घ्या! मग आरामच करा," आणि कागद उचलून पुढच्या टेबलाकडे गेले. माझे गुडघे चांगले आहेत, आये.